भोंग्याचं शेपूट

“आजपासून भोंगा बंद,” साहेबांनी बॉयलरच्या दाराशी उभं राहून ओरडून सांगितलं.

कानिफनाथला ऐकू आलं होतं, तरी त्याने कानामागे हात नेला. बॉयलरपाशी जन्म काढलेल्या माणसाला एवढी एक सवलत असते. नको ती गोष्ट पहिल्या खेपेला ऐकूच आली नाही असं दाखवता येतं.

“भोंगा. बंद,” साहेबांनी साखळीकडे बोट दाखवलं. “लढाई जाहीर झालीय. वरून हुकूम आहे. आता भोंगा वाजला तर विमान आलं म्हणूनच वाजेल. बारा वाजले, पाळी सुटली, यासाठी नाही.”

“मग लोकान्ला कळंल कसं?”

“काय कळायचंय?”

“बारा वाजल्यालं.”

“घड्याळ बघतील,” साहेब म्हणाले आणि निघून गेले.

साहेब पुण्याचे, यंदाच्या गळिताला नव्याने आलेले. कारखान्याच्या चौफेर गावांत घड्याळ बघणारी माणसं किती असतील याचा त्यांना अंदाज असण्याचं कारण नव्हतं. राहुरीकडच्या त्या भागात हंगामात बारा वाजायचे ते कानिफनाथच्या हाताने. त्याने साखळी ओढली की नांगर थांबायचे, पाटाच्या पाण्याची पाळी बदलायची, बायका डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन रानाकडे निघायच्या. फायरमन म्हणून त्याने जन्मभर कारखान्याची साखर केली असेल, पण तिचं कौतुक त्याला कोणी सांगितलं नव्हतं. भोंगा एखाद्या दिवशी जरा पुढेमागे झाला तर मात्र लोक वाटेत अडवून विचारायचे.

शिवाय त्या भोंग्याला शेपूट होतं. लांबलचक भोंगा विरत आला की कानिफनाथ साखळीला आणखी एक बारीक हिसका द्यायचा आणि मागून एक आखूड ‘हूप’ यायचं. हे सुरू झालं गहिनीनाथमुळे. गहिनी त्याचा एकुलता मुलगा. लहानपणी कालव्यावर पोहायला गेला की त्याला जेवणाची शुद्ध राहायची नाही. आई रागावली तर म्हणाला, “भोंगा तर समद्यांचा हाय. माज्यासाठी कुटं वाजतोय?” दुसऱ्या दिवसापासून बापाने त्याच्यासाठी वेगळा वाजवला. पोरगं ओल्या चड्डीनिशी पळत घरी आलं. पुढे गहिनी मोठा झाला, कारखान्याचा ट्रॅक्टर चालवू लागला, मग नगरला जाऊन फौजेत भरती झाला आणि रणगाड्यावर ड्रायव्हर झाला. शेपूट मात्र राहिलं. फोरमन बदलले, साहेब बदलले, कोणी काही म्हटलं नाही.

आता गहिनी पूर्वेला, बंगालच्या हद्दीवर होता. आणि कानिफनाथच्या मनाने एक खूळ घेतलं होतं, ते त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. रोज बाराला आपण शेपूट दिलं की पोरगं कुठेही असो, दोन घास खातं, आणि एक दिवस त्याच आवाजाने घरी येतं. साहेबांनी बंद केला होता तो हा भोंगा.

फाट्यावरच्या बन्सीच्या चहाच्या टपरीत रेडिओ होता. लढाई सुरू झाल्यापासून टपरीत चहा कमी आणि बातम्या जास्त खपत होत्या. पाकिस्तानचा पूर्वेकडचा मुलूख वेगळा निघायचं म्हणतोय, हे लोकांना उन्हाळ्यापासून माहीत होतं. तिकडून लाखांनी माणसं पळून आली, त्यांच्यासाठी पत्रावर जादा तिकीट लावावं लागतं, हेही माहीत होतं. पण तिथून पुढे सगळा अंधार होता. वेगळे झाले तर टिकतील का, चीन मध्ये पडेल का, आपण यात कुठवर ओढले जाऊ, हे कोणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक जण सांगत होता.

“अमेरिकेचं जहाज निगालंय म्हनं आपल्यावर,” बन्सी किटली हलवत म्हणाला.

“मग ते मुळा धरनात येतंय व्हय?” कोणीतरी म्हणालं आणि टपरी हसली. हसू लवकर संपलं.

प्रभुदास मास्तर मिशनच्या शाळेत शिकवायचे. त्यांनी नकाशा बाकड्यावर पसरला होता. एकाच देशाचे दोन तुकडे, एक या टोकाला, एक त्या टोकाला. कानिफनाथने वाकून बघितलं.

“मास्तर, मदी तर समदा आपलाच मुलूख हाय. मग ह्ये दोघं एका घरात नांदत हुते कसे?”

“नांदत नव्हते, नाना, म्हणून तर हे झालं.”

“आन् वेगळे झाल्यावर?”

“देवाला ठाऊक. पण एकदा मन विटलं म्हणजे कोण कोणाला धरून ठेवणार?”

घरी त्याने हे चांगुणाला सांगितलं. ती चुलीपुढे होती. “वेगळी चूल मांडतो म्हनलं तर येवढी मानसं मारायची?” ती म्हणाली. “आन् त्यांच्या वाटनीत माजं प्वार कशाला?” थोड्या वेळाने तिनेच उत्तर दिलं, “जाऊ द्या. कुनीतरी मदी पडल्याबिगर भांडन सुटत न्हाई.” आणि तिने डोळ्यांना पदर लावला. धुराचं निमित्त होतं.

कारखान्याभोवती चर खणले गेले. मास्तरांनी शाळेतल्या मुलांना शिकवलं की भोंगा झाला की चरात पालथं पडायचं आणि कानांत बोटं घालायची. मुलांना हा खेळ इतका आवडला की ती भोंग्याची वाट बघू लागली.

आणि भोंगा झाला.

सकाळीच रेडिओवर पूर्वेकडच्या मोठ्या चकमकीची बातमी आली होती. त्यात रणगाडे होते एवढंच कानिफनाथच्या लक्षात राहिलं. तो भट्टीत उसाचा भुस्सा टाकत होता, वाफेचा काटा बघत होता, पण डोळ्यांपुढे ट्रॅक्टरवर बसून मागे वळून हसणारा गहिनी होता. ऊन दारातल्या लोखंडी पट्टीवर आलं. बारा वाजले. इतकी वर्षं त्या उन्हाबरोबर जो हात वर जायचा तो वर गेला, आणि कानिफनाथने साखळी ओढली. पोटभर ओढली. वर शेपूटही दिलं.

मग त्याने खाली बघितलं. बॉयलरवरची माणसं तोंडं वासून त्याच्याकडे बघत होती.

बाहेर एकच हलकल्लोळ उडाला. मुलं चरात उड्या टाकत होती, चरकाच्या गव्हाणीवरची माणसं उसाच्या मोळ्या टाकून पळत होती, बैल गाड्यांसकट उधळले होते. बन्सी उकळती किटली घेऊनच उसात शिरला. त्या सगळ्या धावपळीत एकटी चांगुणा रस्त्याने सावकाश चालत आली आणि भेटेल त्याला सांगत राहिली, “पळू नका वो. शेपूट ऐकलं न्हाई का? आमच्या ह्यांनीच वाजवलाय.”

मास्तर नंतर म्हणाले, “शेपूट मलाही कळलं होतं, नाना. पण आधी पोरं पालथी पाडली, मग विचार केला.”

हसण्यावारी गेलं असतं, पण झुंबरबाईचं मनगट मोडलं. ती पाथर्डीकडची ऊसतोडीची बाई, नवऱ्याबरोबर गाडी घेऊन आलेली. उधळलेल्या गाडीवरून तिने चरात उडी टाकली आणि हातावर पडली.

साहेब फार बोलले नाहीत. “तुमच्या वयाचा मान ठेवतो,” एवढं म्हणून त्यांनी कानिफनाथला बॉयलरवरून काढून भुश्शाच्या ढिगावर पाठवलं. साखळीला कुलूप लागलं. कानिफनाथने वाद घातला नाही. साहेबांचं बरोबरच होतं, आणि नेमकं तेच त्याला फार लागलं.

संध्याकाळी तो चांगुणाला घेऊन ऊसतोड्यांच्या कोप्यांकडे गेला. पाचटाच्या कोपीपुढे झुंबरबाई हात गळ्यात बांधून बसली होती आणि एका हाताने पीठ मळायची खटपट करत होती.

“बाई, माजा हात वाईट,” कानिफनाथ म्हणाला. पुढे काय बोलावं हे त्याने वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरला.

“तुमचा कशानं? मोडला तर माजा,” झुंबरबाई म्हणाली. “ध्यान कुटं हुतं?”

“पोरगं लढाईवर हाय.”

झुंबरबाईने पिठातला हात काढून घेतला. चांगुणाने काही न विचारता परात आपल्याकडे ओढली आणि भाकरी थापायला बसली. त्या दिवसापासून हात बरा होईपर्यंत ती रोज त्यांच्या भाकरी करून देऊ लागली. झुंबरबाई दुसऱ्या बायकांना सांगायची, “भोंगा नवऱ्याचा, भाकर बायकूची. आसं हाय तर दुसरा हात बी मोडून घ्यावा म्हन्ते.”

एकदा भाकरी होता होता तीच म्हणाली, “माजे भाऊ वेगळे निगाले तवा थोरल्यानं धाकट्यावर कुऱ्हाड उगारली हुती. आमाला वाटलं, संपलं आता ह्ये घर. आज दोगं एका बांधावर बसून तमाखू खात्यात. लई वरसं लागली, पर बसत्यात. त्ये बंगालवाले बी बसतील कदी.”

चांगुणाला ते बोलणं इतकं बरं वाटलं की तिने त्या दिवशी एक भाकरी जास्तीची केली.

डिसेंबर अर्धा सरला आणि एका संध्याकाळी टपरीतला रेडिओ एकदम मोठा झाला. ढाक्याला फौज शरण आली होती. नवा देश झाला होता. कोणीतरी गुलाल आणला, लेझीम निघालं. कानिफनाथ भुश्शाने माखलेल्या अंगाने गर्दीच्या कडेला उभा होता. त्याने मास्तरांची बाही धरली.

“म्हंजी झाले ते वेगळे?”

“झाले, नाना.”

“मग आता पोरं परत येत्याल?”

“येतील. लगेच नाही, पण येतील.”

आठवडाभरात गहिनीचं कार्ड आलं. खुशाल आहे, काळजी करू नये. चांगुणाने ते मास्तरांकडून तीन वेळा वाचून घेतलं आणि देवापुढे ठेवलं.

भोंगा पुन्हा सुरू झाला. पण साखळी दुसऱ्याच्या हातात होती. तो माणूस चांगला होता, वेळेला पक्का होता, आणि भोंगा नुसता वाजून थांबायचा. पहिले काही दिवस लोक कान देऊन थांबायचे, मग गोंधळल्यासारखे कामाला लागायचे. भुश्शाच्या ढिगावर कानिफनाथचा हात रोज बाराला आपोआप उचलला जायचा आणि तो दुसऱ्या हाताने तो खाली धरायचा. गहिनी अजून आला नव्हता. न येण्याचं कारण काय ते त्याच्या मनाला पक्कं माहीत होतं.

संक्रांत झाल्यावर एक दिवस झुंबरबाई गाडी गव्हाणीवर सोडून सरळ साहेबांच्या कचेरीत शिरली. बरोबर चांगुणा होती, पण ती दाराशीच थांबली.

“सायेब, त्या म्हाताऱ्याला भोंग्यावर घ्या.”

“अहो, तुमचाच हात त्यांच्यापायी मोडला.”

“हात माजा मोडला. राग तुमी कशापायी धरताय?”

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“शेपटाबिगर भोंगा म्हंजी कुनी हाक मारली आन् नावच घेतलं न्हाई,” झुंबरबाई म्हणाली. “आमच्या कोप्यांतली पोरं बाराला येत न्हाईत. त्यांना वाटतंय, भोंगा समद्यांचा हाय.”

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता, नवीन होता एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी कानिफनाथला बोलावून बॉयलरवर पाठवलं आणि जाता जाता म्हणाले, “ध्यान ठेवा.” त्या दुपारी शेपूट निघालं तेव्हा बन्सीने टपरीतून टाळ्या वाजवल्या.

शिमगा होऊन गेला. गाळप अजून चालू होतं, ऊन चटके देऊ लागलं होतं. कानिफनाथ वाफेच्या काट्याकडे बघत होता, तेव्हा दारात कोणाची तरी सावली पडली. वळून बघतो तर गहिनी. अंगावर फौजेचे कपडे, खांद्यावर बिस्तरा, चेहरा काळवंडलेला, आणि हसू तेच, ट्रॅक्टरवरचं.

बॉयलरपाशी कोणी तोंडाने बोलत नाही. भट्टीच्या आणि वाफेच्या आवाजात बोलून उपयोग नसतो, म्हणून तिथल्या माणसांची हातांची भाषा असते. मूठ उघडली मिटली म्हणजे भुस्सा टाक. पसा तोंडाशी नेला म्हणजे पाणी. तळहातावर तळहात थापला म्हणजे भाकरी, जेवायला चल. गहिनी लहानपणी बापाची भाकरी घेऊन यायचा तेव्हाच ती शिकला होता. त्याने अंगठा वर केला, बरा आहे. बापाने पसा तोंडाशी नेला, पाणी पितोस? गहिनीने मान हलवली. मग कानिफनाथने त्याचे खांदे, दंड, हात चाचपून बघितले. सगळं जागच्या जागी होतं. तोंडाने बोलायची रीत नाही हे बरंच झालं असं त्याला वाटलं. बोलायला गेला असता तर रडूच फुटलं असतं.

ऊन लोखंडी पट्टीवर आलं. कानिफनाथने हसून साखळीकडे खूण केली. बॉयलरवरच्या माणसांनी सवयीने कानांत बोटं घातली. त्याने साखळी ओढली आणि भोंगा सुटला. छपरावरची कबुतरं उडाली, पत्रे थरथरले.

गहिनी हात खाली सोडून उभा होता. कान झाकले नव्हते, डोळे नुसते बापाच्या हातावर खिळलेले. भोंगा ऐन भरात असताना तो बापाच्या जवळ वाकला आणि त्याचे ओठ हलले. बॉयलरवरच्या माणसाला ओठ वाचता येतात.

“आबा, वाजला का?”

ज्या हाकेवर पोरगं घरी येणार होतं ती हाक त्याच्या डोक्यावर वाजत होती आणि त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. क्षणभर कानिफनाथला वाटलं, साखळी सोडून खाली बसावं. पण साखळी हातात होती. त्याने दुसऱ्या हाताने गहिनीचं मनगट पकडलं आणि भोंग्याची नळी ज्या लोखंडी खांबाला आवळलेली होती त्या खांबावर त्याचा तळहात दाबून धरला.

खांब थरथरत होता. ती थरथर गहिनीच्या हातातून वर चढली आणि त्याचा चेहरा बदलला. कानिफनाथने साखळी सोडली. खांब हळूहळू शांत होत गेला. गहिनी हात न काढता थांबला, श्वास धरून, लहानपणी कालव्याच्या काठावर थांबायचा तसा. मग कानिफनाथने बारीक हिसका दिला.

“आलं,” गहिनी म्हणाला. आपला आवाज किती मोठा झालाय हे त्याला कळत नव्हतं, म्हणून तो सगळ्या बॉयलरवर ऐकू आला. “आबा, शेपूट आलं.”

कानिफनाथने पुन्हा हिसका दिला. गहिनी हसला. मग पुन्हा, आणि पुन्हा.

आवाज ऐकून साहेब कचेरीतून धावत आले. दाराशी त्यांना खांबाला हात लावून उभा असलेला फौजी दिसला आणि साखळी धरून रडणारा म्हातारा दिसला. ते तिथेच थांबले, आणि मागून येणाऱ्या माणसांनाही त्यांनी हाताने थांबवलं.

“रनगाड्याला दनका बसला,” गहिनी सांगत होता. “डाव्या कानात थोडं येतंय. अजून येईल म्हनाला डॉक्टर. न्हाई आलं तरी ट्रॅक्टर चालवायला कान कशाला लागतोय, आबा?” बोलता बोलता त्याने बापाचे डोळे पुसले. “आमी गेलो तवा त्या गावांत चिटपाखरू नव्हतं. निगालो तवा मानसं घरांवर पत्रं घालीत हुती.”

कानिफनाथने साखळी सोडली. त्याने एका तळहातावर दुसरा तळहात थापला. चल, जेवायला.

घरी चांगुणाच्या दोघांपुरत्या भाकरी झाल्या होत्या. तवा उतरवायला तिने फडकं हातात घेतलं होतं, तेवढ्यात भोंगा झाला. शेपूट झालं. मग आणखी एक शेपूट, मग आणखी. ती फडकं धरून तशीच उभी राहिली. ते थांबेपर्यंत ऐकत राहिली. मग तिने फडकं बाजूला ठेवलं, चुलीत एक लाकूड सारलं, आणि पिठाचा डबा पुन्हा जवळ ओढला.